आठवी पास माणसाचं जेट

हॉस्टेलवर पीएलमध्ये रात्री दोन वाजता काय काय चालतं ते सगळं इथे लिहिता येणार नाही, कारण हे मासिक रेक्टर सरसुद्धा वाचतात. पण एका रात्रीचं सांगतो. थर्मोच्या तिसऱ्या युनिटपाशी आमची अख्खी विंग अडकली होती आणि कुणीतरी दोन फोटो फिरवायला सुरुवात केली. एकात निळंशार पाणी आणि पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी खोल्या. दुसऱ्यात एका छोट्या पांढऱ्या जेटच्या पायऱ्या उतरणारं गॉगलवालं जोडपं. ठिकाण मालदीव. मग काय, थर्मो राहिलं बाजूला. एका रात्रीचं भाडं म्हणजे आपलं किती महिन्यांचं मेसबिल, याचा हिशेब सुरू झाला. कॅम्पसमध्ये किती पॅकेज मिळालं तर असं जाता येईल यावर वाद झाला. शेवटी हे सगळं बापाच्या पैशावर असतं असा ठराव एकमताने पास होऊन सभा संपली.

माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. फोटोतलं ते बेट आपल्या कॉलेजच्या ग्राउंडएवढं दिसत होतं. मग जेट उतरलं कुठे?

उत्तर अगदी सोपं निघालं. तिथे ते उतरतच नाही. जेट उतरतं मालेजवळच्या हुलुले बेटावरच्या मोठ्या विमानतळावर, आणि पुढचा टप्पा स्पीडबोटीने किंवा ट्विन ऑटर नावाच्या, पाण्यावर उतरणाऱ्या पंख्याच्या विमानाने. कॅरिबियन समुद्रातही तीच गत. सेंट बार्ट्स हे अब्जाधीशांचं लाडकं बेट, पण तिथली धावपट्टी जेमतेम साडेसहाशे मीटरची, एका टोकाला टेकडी आणि दुसऱ्या टोकाला समुद्र. मस्टिक बेटावरही जेटला जागा नाही. म्हणजे स्वतःचं जेट बाळगणाऱ्या माणसालाही शेवटच्या काही मैलांसाठी दुसऱ्याच्या पंख्याच्या विमानात बसावं लागतं. एसटीतून उतरून वडापमध्ये बसावं तसं! मला हे वाचून उगाचच बरं वाटलं.

याच नादात मागे मागे वाचत गेलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. बिल लिअर. लिअरजेटवाला. आपल्याकडे कसं, कुठल्याही कंपनीचं मशीन असलं तरी आपण झेरॉक्सच काढतो, तसं अमेरिकेत कितीतरी वर्षं कुठल्याही खासगी जेटला लोक लिअरजेटच म्हणायचे. नाव माहीत असतं, पण ते नाव एका माणसाचं होतं आणि तो माणूस शाळेत आठवीच्या पुढे फारसा गेला नव्हता, हे मला तरी माहीत नव्हतं. या माणसाबद्दल मी एकेरीत लिहिणार आहे. सरांनी माफ करावं. पण त्याचं आयुष्य वाचल्यावर तो आपल्याच विंगमधला कुणी उपद्व्यापी सिनिअर वाटायला लागतो, तिथे अहो-जाहो जमत नाही.

विल्यम पॉवेल लिअरचा जन्म २६ जून १९०२ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, हॅनिबल या गावचा. मार्क ट्वेनचं बालपण गेलं तेच हे गाव. आईबापाचं पटेना. आई मुलाला घेऊन बाहेर पडली आणि पुढे शिकागोत तिने दुसरा संसार मांडला. आई कडक, घरात सततची धुसफूस. शाळा आठवीनंतर सुटली. पुढे टल्सा गावात त्याने हायस्कूलमध्ये पुन्हा नाव घातलं होतं, पण शिक्षकांच्या चुका काढायची खोड नडली आणि तिथूनही नारळ मिळाला. मधल्या काळात विमानतळावर पडेल ते काम करून झालं होतं, नौदलात जाऊन रेडिओ शिकून झाला होता. रेडिओ म्हणजे त्या काळचं आयटी समजा. ज्याला चार तारा जोडता येतात त्याला काम.

त्याची पहिली मोठी करामत कॉइलची. त्या वेळच्या रेडिओतल्या कॉइल चांगल्या ऐसपैस असायच्या. लिअरने बारीक बारीक तारांची वेणी घालून केलेली तार वापरली आणि कॉइल पार छोटी करून टाकली. हा माणूस आयुष्यभर हेच करत आला, असं मला वाटतं. एखादी वस्तू घ्यायची आणि तिच्यातलं काय काय काढून टाकता येईल ते बघायचं. रेडिओ छोटा झाला तर तो मोटारीत बसू शकतो, हे ओघानेच आलं. शिकागोतल्या पॉल गॅल्विनच्या कारखान्यात लिअर आणि एल्मर वेव्हरिंग वगैरे मंडळींनी खटपट करून १९३० साली परवडेल असा मोटारीतला रेडिओ उभा केला. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर कशी थांबवायची हा त्यातला खरा डोकेदुखीचा भाग होता. त्या रेडिओला नाव मिळालं मोटोरोला. पुढे कंपनीचंही तेच नाव झालं आणि आपल्या पिढीला ते मोबाइलवर दिसलं.

तिथे थांबला असता तरी जन्माचं कल्याण होतं. पण १९३१ साली याने एक जुनं दोन पंखी विमान विकत घेतलं आणि सगळा घोटाळा तिथे झाला. उडायला लागल्यावर कळलं, की हवेत असताना आपण नेमके कुठे आहोत हे कळणं ही फार मोठी पंचाईत आहे. खाली रेल्वेचे रूळ दिसले तर त्यांच्या मागे जायचं, अशी तेव्हाची पद्धत. मग लिअर विमानातल्या रेडिओच्या मागे लागला. रेडिओ स्टेशनच्या दिशेने आपोआप काटा वळवणारी यंत्रं त्याने केली. मधेच कर्जात बुडाला, १९३४ मध्ये रेडिओच्या ट्यूनरचं एक डिझाइन आरसीए कंपनीला विकून वर आला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कारखान्याला सैन्याची भरपूर कामं मिळाली. युद्धानंतर जेट लढाऊ विमानांसाठी त्याने छोटा, हलका ऑटोपायलट केला आणि त्याबद्दल १९४९ ची कॉलिअर ट्रॉफी त्याला मिळाली. अमेरिकेत विमानविद्येतला हा फार मोठा मान. एकूण पेटंटं शंभराच्या वर.

आता घरचं थोडं. लग्नं चार. चौथी बायको मोया, ओल ऑल्सन या तेव्हाच्या प्रसिद्ध विनोदी नटाची मुलगी. लग्न १९४२ चं. लिअर घरच्यांना किंवा नोकरांना सोपा नव्हता. भडकायचा, रात्री-बेरात्री लोकांना उठवायचा, दिलेला शब्द फिरवायचा. इतर बायकांच्या बाबतीतही त्याचं नाव चांगलं नव्हतं. हे झाकून त्याला थोर करण्यात अर्थ नाही. मोया मात्र टिकली, आणि या गोष्टीच्या शेवटी तीच उरते. एका मुलीचं नाव त्यांनी शँडा ठेवलं. शँडा लिअर! जोरात म्हणून बघा, इंग्रजीतलं झुंबर ऐकू येईल. पोरीने बापाचं काय घोडं मारलं होतं देव जाणे.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांचे साहेब लोक युद्धातून उरलेल्या पंख्यांच्या विमानांना आतून गालिचे लावून फिरायचे. लिअरनेही लॉकहीडची जुनी लोडस्टार विमानं घेऊन, त्यांना घासूनपुसून, वेगवान करून विकली. पण त्याच्या डोक्यात जेट शिरलं होतं. जेट म्हणजे तेव्हा लष्कर नाहीतर मोठ्या विमान कंपन्या. साहेबांसाठी लॉकहीडने जेटस्टार नावाचं एक केलं होतं, पण ते अठरा टनांचं धूड आणि किंमत तशीच. लिअरचं म्हणणं, पाचसहा माणसांना न्यायला एवढं कशाला हवं?

तो तेव्हा जिनिव्हात राहत होता. तिथे स्वित्झर्लंडचं पी-१६ नावाचं लढाऊ विमान त्याच्या नजरेत भरलं. या विमानाचं नशीब वाईट. दोन नमुने बोडेन सरोवरात कोसळले, आणि १९५८ मध्ये स्विस सरकारने शंभर विमानांची ऑर्डरच रद्द करून टाकली. सगळ्यांनी नाक मुरडलेल्या त्या विमानाचा पंख लिअरला आवडला. आखूड, पातळ, टोकांना इंधनाच्या टाक्या लावलेला. लिअरजेटचा पंख तिथूनच आला. म्हणजे पुढे ज्यात बसून लोक सुट्टीला गेले त्या विमानाचा पूर्वज बॉम्ब टाकायला जन्माला आला होता. इंजिनाचंही तसंच. जनरल इलेक्ट्रिकचं हे छोटं टर्बोजेट मुळात शत्रूच्या रडारला फसवण्यासाठी सोडायच्या क्षेपणास्त्राकरता केलेलं.

लिअरच्या कंपनीच्या संचालकांना हे जेट प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. बाजार नाही, खर्च अफाट, आणि आपण तर उपकरणं बनवणारे. त्यांचं चुकलं असं आज म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हणालो असतो. १९६२ मध्ये लिअरने स्वतःच्याच नावाच्या कंपनीतला आपला हिस्सा विकून टाकला. एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम हातात आली. वय साठ. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनीचे कागद गोळा करतो. याने ते पैसे घेऊन कॅन्सस राज्यातलं विचिटा गाठलं. विमानांचे कारखाने असलेलं गाव, कारागीर मिळणार, आणि नगरपालिकेने कर्जरोखे काढून कारखान्याला मदत देऊ केली. स्वित्झर्लंडमधलं चंबूगबाळं आवरून तो तिथे आला.

आता इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

अमेरिकेच्या नियमांमध्ये तेव्हा एक रेघ होती. १२,५०० पौंड, म्हणजे साधारण ५,६७० किलो. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन याच्या वर गेलं की ते मोठ्या विमानांच्या नियमावलीत जायचं. परीक्षा कडक, चाचण्या जास्त, वर्षं आणि पैसे दोन्ही जास्त. रेघेच्या आत राहिलं तर छोट्या विमानांचे सोपे नियम. ते नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच पंख्याची छोटी विमानं होती. कुणी ताशी आठशे किलोमीटरने जाणारं जेट त्या रेघेच्या आत बसवेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. लिअरने नेमकं तेच ठरवलं. आपण सिलॅबसमधली पळवाट शोधतो ना, तसंच, फक्त पळवाटेच्या टोकाला विमान.

मग सुरू झाली काटछाट. केबिनची उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. त्यात कुणालाही ताठ उभं राहता येत नाही. वाकून शिरायचं, वाकूनच सीटपर्यंत जायचं आणि बसून टाकायचं. संडास म्हणजे एका सीटखाली दडवलेलं भांडं आणि भोवती पडदा. लोकांनी उंचीबद्दल कुरकुर केली की लिअर त्यांना भारी मोटारींची आठवण करून द्यायचा, त्यातही कुणी उभं राहत नाही म्हणून. दोन पायलट आणि पाचसहा प्रवासी, एवढाच संसार. आपण ज्याला ऐषारामाची हद्द समजतो ते विमान असं चिक्कूपणाने, किलोकिलो वजन वाचवत तयार झालं होतं. आपली लाल एसटी त्यापेक्षा ऐसपैस, शपथेवर सांगतो.

पण त्या चिक्कूपणाचं फळ बघा. दोन इंजिनांचा मिळून जोर ५,७०० पौंड, विमानाचं वजन १२,५०० पौंड. म्हणजे जोर वजनाच्या जवळपास निम्मा! ज्यांना हे गुणोत्तर परीक्षेत लिहावं लागतं त्यांना कळेल, की हे प्रवासी विमानाचं नाही, लढाऊ विमानाच्या घरातलं आहे. १९६५ मध्ये सात माणसं घेऊन एक लिअरजेट ४०,००० फुटांवर ७ मिनिटं २१ सेकंदांत पोचलं. आपल्या मेसमध्ये रविवारी पोळीचा नंबर लागायला याहून जास्त वेळ लागतो.

दुसरा जुगार तर त्याहून मोठा. साधारण रीत अशी, की आधी हाताने एक नमुना बनवायचा, तो उडवून चुका काढायच्या, आणि मग कारखान्यातले साचे आणि जिग करायचे. लिअरने नमुन्याची पायरीच गाळली. पहिलं विमान थेट कायमच्या साच्यांवर. डिझाइन बरोबर असेल तर दोन वर्षं वाचली. चुकलं असेल तर साचे भंगारात आणि त्यांच्याबरोबर मालकही. माझ्या वर्कशॉपच्या जॉबचे झालेले हाल आठवले की मला या निर्णयाची भीतीच वाटते. विचिटाच्या कारखान्याला सुरुवात १९६२ च्या उन्हाळ्यात झाली आणि ७ ऑक्टोबर १९६३ ला पहिलं लिअरजेट उडालं. मॉडेल २३.

त्याच सुमारास फ्रान्सचं फाल्कन, इंग्लंडचं एचएस १२५, अमेरिकेतलंच जेट कमांडर अशी सगळी मंडळी मैदानात उतरली होती. पैसे वितळत चालले होते. आणि ४ जून १९६४ ला घात झाला. सरकारी परीक्षक पायलटबरोबर एका इंजिनावर उड्डाणाचा सराव चालू असताना पंखावरचे स्पॉयलर उघडेच राहिले. स्पॉयलर म्हणजे विमान उतरल्यावर पंखाची उचल मोडून टाकणाऱ्या झडपा. त्या उघड्या ठेवून उडायचं म्हणजे हँडब्रेक ओढून घाट चढायचा. विमान शेतात बसलं, इंधनाने पेट घेतला आणि पहिलं लिअरजेट जळून गेलं. दोघंही पायलट सुखरूप बाहेर पडले.

आता कुणीही म्हणेल, संपलं. पण झालं उलटंच. चूक विमानाची नव्हती हे स्पष्ट होतं आणि विमानाचा विमा होता. अडचणीच्या ऐन वेळी रोख पैसे हातात आले. दुसरं विमान तयार होतं, त्यावर उरलेल्या चाचण्या झाल्या आणि ३१ जुलै १९६४ ला प्रमाणपत्र मिळालं. पहिल्या उड्डाणापासून दहा महिनेसुद्धा झाले नव्हते. ऑक्टोबरमध्ये सिनसिनाटीच्या एका केमिकल कंपनीला पहिलं विमान दिलं गेलं. किंमत पाचसहा लाख डॉलरच्या घरात. चाचण्या पूर्ण करणारं ते दुसरं विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

लिअरने हे विमान बेटांवर मजा करणाऱ्यांसाठी केलं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. तो कंपन्यांना वेळ विकत होता. सकाळी निघा, दुसऱ्या टोकाच्या शहरात मीटिंग करा, रात्री घरी जेवा. पण वस्तू एकदा बाजारात गेली की बनवणाऱ्याची राहत नाही. त्याच वर्षांत तिकडे कॅरिबियनमध्ये वेगळंच काही घडत होतं. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबा अमेरिकन प्रवाशांना बंद झाला. हवानाला जाणारा पैसा दुसरं बेट शोधू लागला. लॉरन्स रॉकफेलरने सेंट जॉन बेटावर केनील बे १९५६ मध्येच उघडलं होतं, १९६४ मध्ये व्हर्जिन गोर्डावर लिटल डिक्स बे आलं. बहामामध्ये नासाऊसमोर हॉग आयलंड नावाचं बेट होतं, म्हणजे डुकरांचं बेट. हंटिंग्टन हार्टफर्ड या धनिकाने ते घेतलं, त्याचं नाव पॅराडाइज आयलंड केलं आणि १९६२ मध्ये तिथे ओशन क्लब थाटला. डुकराचा एका फटक्यात स्वर्ग!

न्यूयॉर्क ते नासाऊ साधारण १,७७० किलोमीटर. गालिचे लावलेल्या जुन्या डकोटाने सहा तास, तेही ढगांतून आदळत-आपटत. लिअरजेटने सव्वादोन-अडीच तास, ढगांच्या कितीतरी वर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून रात्रीचं जेवण समुद्रकिनारी, हे गणित पहिल्यांदा जमलं. बेटाच्या प्रवासात आणखी एक मेख असते. तिथे पोचल्यावर हवा बिघडली तर शेजारच्या गावी उतरू असं नाही म्हणता येत, शेजारी समुद्र असतो. त्यामुळे दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन शिल्लक ठेवूनच निघावं लागतं. आणि टर्बोजेट खालच्या हवेत घिरट्या घालत बसलं की राक्षसासारखं इंधन पितं. नासाऊपासून मायामी तीनशे किलोमीटरच्या आत, म्हणून ते सोयीचं. आणखी दक्षिणेची बेटं पहिल्या लिअरजेटच्या आवाक्याच्या अगदी कडेवर होती. फ्रँक सिनात्राने १९६५ मध्ये लिअरजेट घेतलं आणि मग नटनट्या, गायक सगळेच त्याच्या मागे लागले. १९६६ च्या मे महिन्यात एक लिअरजेट पृथ्वीला चक्कर मारून आलं, उडण्याचा वेळ ५० तास २० मिनिटं.

पण या चकाकीची दुसरी बाजू लिहिली नाही तर ते जाहिरातपत्रक होईल. १९६५-६६ मध्ये लिअरजेटला अपघात झाले आणि माणसं गेली. कालपर्यंत पंख्याचं निवांत विमान चालवणारे पायलट आज लढाऊ विमानाच्या स्वभावाच्या जेटमध्ये बसत होते, तेही रात्रीचे, ढगांतून. नियमांची रेघ वजनाची होती, वेगाची नव्हती. ज्या पळवाटेचं मी मघाशी कौतुक केलं तिचीही ही एक किंमत होती का, हा प्रश्न मला पडतो आणि त्याला सरळ उत्तर देता येत नाही. सिनात्राची आई १९७७ मध्ये लिअरजेटच्याच अपघातात गेली. ते भाड्याचं होतं, पाम स्प्रिंग्जहून लास वेगासला निघालं आणि थोड्याच वेळात डोंगरावर आदळलं.

अपघात, मंदी आणि लिअरची नव्या नव्या धंद्यांत उड्या मारायची सवय यांनी कंपनी पुन्हा गाळात गेली. १९६७ मध्ये त्याने आपला हिस्सा गेट्स रबर कंपनीला विकला. स्वतःच्या नावाच्या कंपनीतून बाहेर पडायची ही दुसरी वेळ. मधल्या मधे त्याने मोटारीत वाजणारी आठ ट्रॅकची टेप काढली होती, ती फोर्डच्या १९६६ च्या मॉडेलांत बसली आणि घराघरांत गेली. हे सांगायचंच राहिलं होतं. एवढी मोठी गोष्ट, आणि याच्या आयुष्यात ती मधल्या सुट्टीसारखी येते.

नंतर तो नेवाडा राज्यात रिनोला गेला आणि वाफेच्या मागे लागला. धूर न ओकणारी वाफेची बस! स्वतःचे लाखो डॉलर ओतले. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याची बस चालली, पण इंधन इतकं खायची की पुढे काही झालं नाही. मग परत विमान. त्याच्या एका आराखड्याचे हक्क कॅनडेअर कंपनीने १९७६ मध्ये घेतले, आणि कॅनेडियन इंजिनिअरांनी त्या सडपातळ विमानाचं पोट चांगलं रुंद करून टाकलं. लिअर वैतागला, त्या विमानाला जाडोबा म्हणून चिडवू लागला. पण त्यात माणसाला नीट उभं राहून चालता येत होतं. तेच चॅलेंजर. आज मालेच्या किंवा नासाऊच्या विमानतळावर जी प्रशस्त खासगी जेटं उभी दिसतात त्यांतली कितीतरी या चॅलेंजरच्या खानदानातली आहेत. म्हणजे बेटांवर शेवटी राज्य केलं ते लिअरने नापास केलेल्या विमानाने. जोडप्याच्या त्या फोटोतलं जेट कुठलं होतं ते मी निरखून पाहिलं, पण शेपटी कापली गेली होती.

लिअरचं चरित्र वाचताना एक गोष्ट जाणवली. त्यात कारखाने आहेत, कर्जं आहेत, भांडणं आहेत, रात्री आहेत. वाळूत पाय पसरून निवांत पडलेला लिअर मला काही दिसला नाही.

शेवटचं विमान लिअर फॅन. सत्तरीच्या पुढचा हा म्हातारा आता म्हणत होता की धातू नकोच, कार्बन फायबरचं विमान करू. दोन इंजिनं, पण दोन्ही मिळून शेपटीकडचा एकच पंखा फिरवणार. जेटइतकं नाही, पण जवळपास तेवढं वेगवान आणि इंधन अगदी थोडं. जेटचा हा बापच इंधनाच्या भाववाढीनंतर पुन्हा पंख्याकडे वळला होता. काम अर्धवट असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. बिछान्यावरूनही तो ड्रॉइंगबद्दलच बोलत राहिला, आणि विमान पूर्ण करायचं वचन त्याने मोयाकडून घेतलं. १४ मे १९७८ रोजी रिनोत तो गेला. वय ७५. सहा महिन्यांनी चॅलेंजर पहिल्यांदा उडालं.

मोया इंजिनिअर नव्हती. नटाची मुलगी, बिझनेसचा अनुभव म्हणाल तर नवऱ्याची दिवाळी आणि दिवाळं दोन्ही जवळून पाहिलेलं, तेवढाच. तिने पैसे उभे केले. ब्रिटिश सरकारने मदत दिली, कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये काढायचा आणि विमान १९८० संपायच्या आत उडवायचं या अटींवर. ३१ डिसेंबरला रिनोजवळ सगळे जमले. आणि ऐन वेळी तांत्रिक बिघाड! दिवस मावळला, उड्डाण रद्द. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १९८१ ला, विमान झकास उडालं. पण तारीख चुकली होती, म्हणजे पैसे गेल्यात जमा. तेव्हा हजर असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदावर उड्डाणाची तारीख घातली, ३२ डिसेंबर १९८०.

हे वाचलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. मी शेजारच्या रूममधल्या दोघांना उठवून ही तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी आमचं टर्मवर्कचं सबमिशन होतं.

लिअर फॅन विक्रीपर्यंत पोचलंच नाही. गिअरबॉक्स आणि कार्बनच्या सांगाड्याच्या चाचण्यांमध्ये ते अडकत गेलं आणि १९८५ मध्ये कंपनी बुडाली. उडालेल्या विमानांपैकी एक सिएटलच्या संग्रहालयात आहे, एक डॅलसच्या. मोया २००१ मध्ये वारली. लिअरजेट मात्र बऱ्याच मालकांच्या हातून फिरत १९९० मध्ये बाँबार्डिए कंपनीकडे गेलं, आणि मार्च २०२२ मध्ये विचिटातून शेवटचं लिअरजेट बाहेर पडलं. तोवर तीन हजारांहून जास्त झाली होती.